चार्जर कसा निवडावा?

प्रस्तावना

रात्रीचे दहा वाजले आहेत. दिवसभर रायपूरच्या रेल्वे स्थानकापासून जयस्तंभ चौकापर्यंत आणि तेथून तेलीबांध्यापर्यंत फेऱ्या मारून एक ई-रिक्षा घराच्या अंगणात येऊन उभी राहते. चालक आसन उचलतो, खालच्या बॅटऱ्यांना चार्जरची वायर जोडतो, बटण दाबतो आणि झोपी जातो. सकाळी सहा वाजता रिक्षा पुन्हा रस्त्यावर आली पाहिजे. त्याचे दुसऱ्या दिवसाचे उत्पन्न रात्रीच्या या आठ तासांवर अवलंबून असते. रिक्षातील बॅटऱ्या हा तिचा सर्वांत महाग आणि सर्वांत लवकर झिजणारा भाग होय. त्या बऱ्याचदा कर्ज काढून घेतलेल्या असतात. बॅटऱ्यांना पुरेसे आयुष्य लाभले, तर कर्ज फिटून चार पैसे गाठीला उरतात. त्या सहा-आठ महिन्यांतच निकामी झाल्या, तर जुने कर्ज फिटण्याआधीच नवे डोक्यावर बसते.

बॅटरी लवकर का मरते? पुष्कळदा दोष बॅटरीचा नसतोच. तो असतो चार्जरचा, किंवा अधिक नेमकेपणाने सांगायचे तर चार्जर मागण्याच्या पद्धतीचा. दुकानात जाऊन ‘अठ्ठेचाळीस व्होल्टचा एक चार्जर द्या’ एवढेच म्हणणे म्हणजे वैद्याकडे जाऊन ‘तापाचे औषध द्या’ असे म्हणण्यासारखे आहे. ताप कशाचा, रोग्याचे वय काय, वजन काय हे सांगितल्याशिवाय औषधाची मात्रा ठरत नाही. चार्जरचेही तसेच आहे. वस्तूचे सर्व आवश्यक गुणधर्म नेमक्या शब्दांत आणि आकड्यांत मांडणे याला ‘विनिर्देश’ म्हणतात. योग्य विनिर्देश कसा तयार करावा, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• बॅटरीवर छापलेल्या माहितीचा अर्थ सांगणे.
• चार्जरचा विद्युतदाब आणि विद्युतप्रवाह किती असावा, हे गणित करून ठरवणे.
• तापमान, घरातील वीजपुरवठा आणि सुरक्षितता यांचा निवडीशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
• चार्जरची मागणी नेमक्या भाषेत लिहिणे.

मूळ पाठ

१. आधी बॅटरी ओळखावी

चार्जरची निवड चार्जरपासून सुरू होत नाही. ती बॅटरीपासून सुरू होते. ज्याला आपण सर्रास ‘बॅटरी’ म्हणतो, ती प्रत्यक्षात अनेक विद्युतघटांची माळ असते. शिसे-आम्ल प्रकारच्या एका घटाचा विद्युतदाब सुमारे २ व्होल्ट असतो. असे सहा घट एकापुढे एक, म्हणजे एकसर, जोडले की १२ व्होल्टची बॅटरी तयार होते. ई-रिक्षात अशा चार बॅटऱ्या एकसर जोडतात. म्हणजे एकूण २४ घट आणि ४८ व्होल्ट.

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये लावला. पुन्हा पुन्हा भारित करता येणारी ती पहिली बॅटरी होती. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी तिचे मूळ तत्त्व तेच आहे. शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवलेल्या असतात. बॅटरी वापरली जात असताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर साचतो. चार्जर उलट दिशेने प्रवाह सोडतो, तेव्हा तो थर विरघळून पट्ट्या पूर्ववत होतात. या क्रियेला ‘प्रभारण’ म्हणतात.

दुसरा महत्त्वाचा प्रकार लिथियम-आयन बॅटरीचा. ही बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भ्रमणध्वनीपासून रिक्षापर्यंत तिचा वापर आज सर्वत्र होतो. वजनाने ती हलकी असते आणि योग्य काळजी घेतल्यास दीर्घकाळ टिकते. मात्र चुकीचा विद्युतदाब ती मुळीच सहन करत नाही.

बॅटरी हाती घेतल्यावर तिच्याबद्दल तीन प्रश्न विचारावेत : तिचे रसायन कोणते? घट किती? क्षमता किती? क्षमता ‘अँपिअर-तास’ या एककात छापलेली असते. १०० अँपिअर-तास (२० तासांच्या दराने) याचा अर्थ असा, की ही बॅटरी ५ अँपिअरचा प्रवाह २० तास देऊ शकते. हाच प्रवाह वाढवून २० अँपिअर केला, तर ती पूर्ण ५ तास टिकत नाही, त्याआधीच उतरते. म्हणून क्षमतेच्या आकड्याबरोबर तासांचा दर वाचणेही आवश्यक असते.

२. नाव एक, विद्युतदाब वेगवेगळे

आता चार्जरचा विद्युतदाब ठरवू. पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते, तसा विद्युतप्रवाह अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातो. बॅटरीत प्रवाह शिरावा यासाठी चार्जरचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा अधिक असावा लागतो. ४८ व्होल्टच्या बॅटरीला नेमका ४८ व्होल्टचा दाब दिला, तर ती कधीच पूर्ण भरणार नाही.

शिसे-आम्ल घट पूर्ण भारित करण्यासाठी साधारणपणे २.४ व्होल्ट लागतात. २४ घटांसाठी हा दाब २४ × २.४ = ५७.६ व्होल्ट होतो.

लोह-फॉस्फेट प्रकारच्या लिथियम घटाचा नाममात्र दाब ३.२ व्होल्ट आणि कमाल दाब ३.६५ व्होल्ट असतो. असे १६ घट एकसर जोडले, की नाममात्र दाब ५१.२ व्होल्ट होतो. बाजारात त्यालाही ‘४८ व्होल्टची बॅटरी’ म्हणतात. तिला भारित करण्याचा कमाल दाब १६ × ३.६५ = ५८.४ व्होल्ट.

निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट वापरून केलेल्या लिथियम घटाचा कमाल दाब ४.२ व्होल्ट असतो. असे १३ घट जोडलेल्या बॅटरीलाही ‘४८ व्होल्ट’ असेच नाव मिळते. तिचा कमाल दाब मात्र १३ × ४.२ = ५४.६ व्होल्ट.

म्हणजे तीन बॅटऱ्या, तिघींचे नाव ‘४८ व्होल्ट’, आणि तिघींना लागणारे चार्जर वेगळे! शिसे-आम्लाचा ५७.६ व्होल्टचा चार्जर तिसऱ्या बॅटरीला लावला, तर प्रत्येक घटावर ५७.६ ÷ १३ = सुमारे ४.४३ व्होल्टचा दाब पडेल. हा दाब सुरक्षित मर्यादेबाहेरचा आहे. अशा बॅटरीत दाब मर्यादेबाहेर गेल्यास प्रवाह तोडणारे एक इलेक्ट्रॉनिक मंडल असते. ते या वेळी बॅटरी वाचवील. परंतु ते मंडल हा शेवटचा पहारेकरी आहे. त्याच्या भरवशावर रोज चुकीचा चार्जर लावणे म्हणजे कुलूप मजबूत आहे म्हणून दार रोज चोराच्या हाती देण्यासारखे आहे. ज्या दिवशी ते मंडल निकामी होईल, त्या दिवशी घट तापून आग लागण्याचा धोका असतो.

दुसऱ्या बॅटरीच्या बाबतीत ५७.६ आणि ५८.४ हे आकडे जवळजवळ सारखे दिसतात. मग तेथे शिसे-आम्लाचा चार्जर चालेल का? नाही. कारण चार्जर बॅटरी भरल्यानंतर काय करतो, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. त्याचा विचार पुढे करू.

हे लक्षात ठेवा : बॅटरीचे नाव पाहून चार्जर निवडू नये. रसायन आणि घटांची संख्या पाहून निवडावा.

पाठगत प्रश्न १
(अ) २४ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत किती घट असतात?
(आ) ४८ व्होल्टच्या बॅटरीला नेमका ४८ व्होल्टचा दाब दिल्यास ती पूर्ण का भरत नाही?

३. प्रभारणाचे तीन टप्पे

अरुंद गळ्याची घागर नळाखाली धरली, की सुरुवातीला आपण नळ पूर्ण सोडतो. पाणी गळ्यापाशी आले, की नळ बारीक करतो; नाहीतर पाणी उडून वाया जाते. घागर भरली, की नळ बंद करतो. चांगला चार्जरही असेच करतो.

पहिल्या टप्प्यात तो ठरावीक, स्थिर प्रवाह देतो. बॅटरीचा दाब हळूहळू चढत जातो. सुमारे पाऊण ते ऐंशी टक्के भरण याच टप्प्यात होते. दाब ५७.६ व्होल्टपर्यंत पोहोचला, की दुसरा टप्पा सुरू होतो. आता चार्जर दाब स्थिर ठेवतो आणि प्रवाह आपोआप कमी होत जातो. हा टप्पा संथ असतो; परंतु तो टाळता येत नाही. पट्ट्यांच्या आतल्या भागातील सल्फेट याच काळात विरघळते. तिसऱ्या टप्प्यात चार्जर दाब उतरवून प्रत्येक १२ व्होल्टच्या बॅटरीमागे सुमारे १३.६ व्होल्ट, म्हणजे एकूण ५४.४ व्होल्टवर आणतो. बॅटरी आपोआप थोडीथोडी उतरत असते, तेवढीच भरपाई या टप्प्यात होते.

लिथियम बॅटरीला हा तिसरा टप्पा नको असतो. ती भरली, की चार्जरने प्रवाह थांबवला पाहिजे. त्याशिवाय शिसे-आम्लाचे काही चार्जर अधूनमधून दाब मुद्दाम वाढवतात, जेणेकरून सर्व घट समान पातळीवर यावेत. शिसे-आम्ल बॅटरीला हा उपाय मानवतो. लिथियम बॅटरीला तो घातक ठरतो. वर उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

जुन्या पद्धतीच्या, केवळ रोहित्र आणि डायोड असलेल्या साध्या चार्जरमध्ये हे टप्पे नसतात. त्याचा दाब घरातील विजेच्या दाबाबरोबर वरखाली होतो. समजा, २२० व्होल्ट असताना तो ५७.६ व्होल्ट देतो. मध्यरात्रीनंतर विजेची मागणी घटली आणि पुरवठ्याचा दाब २५० व्होल्टवर गेला, तर तोच चार्जर सुमारे ६५ व्होल्टपर्यंत दाब चढवू शकतो. घरधनी झोपलेला असतो आणि बॅटरीतील पाणी उकळल्यासारखे बुडबुडे सोडत असते. सकाळी बॅटरी भरलेली दिसते. परंतु आतल्या पट्ट्या झिजलेल्या असतात. स्वस्तात घेतलेला चार्जर असा महागात पडतो.

४. प्रवाह किती असावा?

दाब निश्चित झाला. आता प्रवाह ठरवू. येथे दोन बाजूंनी विचार करावा लागतो : आपल्याला वेळ किती मिळतो आणि बॅटरीला किती प्रवाह सोसतो.

आपल्या रिक्षाचे उदाहरण घेऊ. बॅटरीची क्षमता १०० अँपिअर-तास आहे. दिवसभरात त्यातील ७० अँपिअर-तास खर्च झाले. शिसे-आम्ल बॅटरीतून जेवढे काढले, तेवढेच परत घालून भागत नाही. काही भाग उष्णतेत आणि पाण्याच्या विघटनात जातो. म्हणून १५ ते २० टक्के अधिक धरावे लागते. २० टक्के धरल्यास :

परत भरावयाचे अँपिअर-तास = ७० × १.२ = ८४
उपलब्ध वेळ = ८ तास
सरासरी प्रवाह = ८४ ÷ ८ = १०.५ अँपिअर

परंतु दुसऱ्या टप्प्यात प्रवाह घटत जातो, हे आपण पाहिले. म्हणून चार्जरची क्षमता सरासरीपेक्षा अधिक हवी. आता बॅटरीची बाजू पाहू. पाणी घालावयाच्या शिसे-आम्ल बॅटरीला सामान्यतः क्षमतेच्या १० ते २० टक्के प्रवाह मानवतो; म्हणजे येथे १० ते २० अँपिअर. दोन्ही अटी पूर्ण करणारा १५ अँपिअरचा चार्जर योग्य ठरतो. अंतिम शब्द अर्थातच बॅटरीच्या निर्मात्याने दिलेल्या माहितीपत्रकाचा.

५ अँपिअरचा लहान चार्जर घेतला तर? ८४ ÷ ५ म्हणजे जवळजवळ १७ तास लागतील. सकाळी बॅटरी अर्धवट भरलेलीच रस्त्यावर जाईल. रोज थोडे सल्फेट पट्ट्यांवर शिल्लक राहील आणि काही आठवड्यांत ते कठीण खडे होऊन बसेल. मग कितीही भारित केले तरी ते विरघळत नाही आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते.

३० अँपिअरचा मोठा चार्जर घेतला तर? ‘पी हळद आणि हो गोरी’ असा उतावळेपणा येथेही फळत नाही. बॅटरी तापते, वायू सुटतो, पाणी झपाट्याने कमी होते आणि पट्ट्यांवरील लेप गळू लागतो. वेळही अपेक्षेइतका वाचत नाही. कारण दाब लवकर चढतो आणि संथ असा दुसरा टप्पा लवकर सुरू होतो.

५. बॅटरी काम करत असतानाच भरायची असेल तर?

रिक्षा भारित होत असताना उभी असते. परंतु प्रत्येक ठिकाणी तशी सवड नसते. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि रायपूर त्याची राजधानी झाली. अपारंपरिक ऊर्जेच्या कामासाठी स्थापन झालेल्या राज्याच्या ‘क्रेडा’ या संस्थेने २०१२ ते २०१६ या काळात पाचशेहून अधिक शासकीय आरोग्य केंद्रांवर प्रत्येकी २ किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली. जंगलपट्टीतील अनेक केंद्रांत वीज अनियमित असे. रात्री प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रीला दिवा हवा असतो आणि नवजात बालकाला ऊब हवी असते. त्या वेळी वीज येण्याची वाट पाहता येत नाही. दिवसा सूर्यप्रकाशावर बॅटरी भरायची आणि रात्री ती वापरायची, अशी ही व्यवस्था आहे.

अशा ठिकाणी बॅटरी भरत असतानाच दिवे, पंखे आणि उपकरणेही चालू असतात. चार्जरने दिलेल्या प्रवाहाचे दोन वाटेकरी होतात. समजा, एका केंद्रात २४ व्होल्टची, २०० अँपिअर-तास क्षमतेची शिसे-आम्ल बॅटरी आहे. वीज गेली असताना तिच्यातून १०० अँपिअर-तास खर्च होतात. वीज आल्यावर ती १० तासांत भरली पाहिजे. या काळात उपकरणे सतत १० अँपिअर घेतात.

बॅटरीसाठी : (१०० × १.२) ÷ १० = १२ अँपिअर
उपकरणांसाठी : १० अँपिअर
एकूण : २२ अँपिअर

बाजारात मिळणारा याच्या वरचा चार्जर २५ अँपिअरचा. आता उलट तपासणी करू. सर्व उपकरणे बंद असतील, तेव्हा पूर्ण २५ अँपिअर बॅटरीकडे जातील. २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी हे प्रमाण १२.५ टक्के आहे. म्हणजे मर्यादेच्या आत. निवड योग्य ठरली. या केंद्रात कोणी उपकरणांचा विचार न करता १२ अँपिअरचाच चार्जर बसवला असता, तर बॅटरीच्या वाट्याला फक्त २ अँपिअर आले असते आणि दुसऱ्या रात्री दिवा मध्येच विझला असता. गणितातील एक वजाबाकी विसरण्याची किंमत अशी मोजावी लागते.

पाठगत प्रश्न २
(अ) एका शिसे-आम्ल बॅटरीतून ६० अँपिअर-तास खर्च झाले. २० टक्के अधिक धरून किती अँपिअर-तास परत भरावे लागतील?
(आ) त्यासाठी सरासरी १२ अँपिअर प्रवाह मिळाला, तर किती तास लागतील?

६. रायपूरचा उन्हाळा

बॅटरीत रासायनिक क्रिया घडते आणि उष्णतेने रासायनिक क्रिया वेगवान होते. माहितीपत्रकातील दाबाचे आकडे सामान्यतः २५ अंश सेल्सिअस तापमानासाठी दिलेले असतात. रायपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. पत्र्याच्या छपराखाली उभ्या असलेल्या रिक्षाच्या आसनाखाली तर तो त्याहून अधिक असतो. अशा वेळी तोच दाब बॅटरीला जास्त होतो. थंडीत उलट घडते. तोच दाब कमी पडतो.

म्हणून शिसे-आम्ल बॅटरीसाठी तापमानानुसार दाब बदलणारा चार्जर उत्तम. प्रत्येक अंशामागे प्रत्येक घटासाठी साधारणपणे ३ ते ५ मिलिव्होल्टची दुरुस्ती करतात. ४ मिलिव्होल्ट धरून पाहू. तापमान ४० अंश, म्हणजे २५ पेक्षा १५ अंशांनी अधिक :

२४ घट × ०.००४ व्होल्ट × १५ = १.४४ व्होल्ट

म्हणून उन्हाळ्यात योग्य दाब ५७.६ − १.४४ = सुमारे ५६.२ व्होल्ट. जानेवारीच्या रात्री तापमान १५ अंश असेल, तर हाच दाब सुमारे ५८.६ व्होल्ट हवा. उन्हाळा आणि हिवाळा यांत जवळजवळ अडीच व्होल्टचा फरक पडला. ही दुरुस्ती करणाऱ्या चार्जरला एक छोटा तापमान संवेदक असतो. तो बॅटरीच्या अंगाला चिकटवावा लागतो. नुसता हवेत लोंबकळत ठेवला, तर त्याचा उपयोग होत नाही. संवेदक नसेल, तर निदान एवढे तरी करावे : दिवसभराच्या धावपळीने तापलेली बॅटरी घरी आल्या आल्या चार्जरला जोडू नये, तासभर निवू द्यावी आणि सावलीत, वारा खेळत्या जागी भारित करावी.

उष्णतेचा त्रास चार्जरलाही होतो. २५ अंशांत १५ अँपिअर देणारा चार्जर ४५ अंशांतही तेवढाच प्रवाह देईल असे नाही. म्हणून ‘४५ अंश तापमानात पूर्ण क्षमता’ ही अट विनिर्देशात स्पष्टपणे लिहावी.

७. घरातील वीज आणि सुरक्षितता

चार्जरची दुसरी बाजू भिंतीतील प्लगला जोडलेली असते. तिचेही गणित करावे. ५७.६ व्होल्ट × १५ अँपिअर = ८६४ वॅट एवढी शक्ती बॅटरीकडे जाते. चार्जरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर भिंतीतून सुमारे १,०१६ वॅट घेतले जातात. २३० व्होल्टला हा प्रवाह ४.४ अँपिअर होतो. परंतु साध्या चार्जरचा शक्तिगुणक कमी असतो, तो ०.७ धरला, तर प्रवाह ६.३ अँपिअर होतो आणि पुरवठ्याचा दाब १८० व्होल्टवर उतरला, तर ८ अँपिअरच्याही वर जातो. दिवा-पंख्यासाठीचा लहान प्लग ६ अँपिअरपर्यंतच सुरक्षित असतो. म्हणून हा चार्जर १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगलाच, योग्य जाडीच्या वायरने आणि अर्थिंगसह जोडावा. बारीक वायरीचा जोडबोर्ड रात्रभर तापत राहतो आणि आगीला कारण ठरतो.

एका रात्रीत किती वीज लागते? ८४ अँपिअर-तास × सरासरी ५५ व्होल्ट = सुमारे ४.६ युनिट, चार्जरमधील घट धरून जवळजवळ साडेपाच युनिट. आपल्या घरच्या दराने गुणले, की रात्रीचा खर्च समजतो.

शिसे-आम्ल बॅटरी भरत आली, की तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले, तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हा वायू हलका असल्यामुळे छताशी साचतो. म्हणून खोलीच्या वरच्या बाजूला झरोका हवा. झोपण्याच्या खोलीत बॅटरी भारित करू नये. तिच्याजवळ विडी-काडी पेटवू नये. आधी चार्जरची टोके बॅटरीला जोडावीत, मग बटण सुरू करावे. काढताना आधी बटण बंद करावे. बॅटरीत केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावे. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे; डोळ्यांत गेल्यास धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

८. विनिर्देश कसा लिहावा?

आता सर्व उत्तरे हाती आली. ती कागदावर उतरवू. आपल्या रिक्षासाठी चार्जरची मागणी अशी लिहिता येईल :

१. बॅटरी : शिसे-आम्ल, पाणी घालावयाची, १२ व्होल्टच्या ४ बॅटऱ्या एकसर, एकूण २४ घट, १०० अँपिअर-तास (२० तासांच्या दराने).
२. प्रभारण : तीन टप्प्यांचे, स्वयंचलित. पहिल्या टप्प्यात १५ अँपिअर, दुसऱ्यात ५७.६ व्होल्ट, तिसऱ्यात ५४.४ व्होल्ट (२५ अंश सेल्सिअसला).
३. तापमान दुरुस्ती : प्रत्येक घटासाठी दर अंशामागे ४ मिलिव्होल्ट; संवेदक सोबत द्यावा.
४. वीजपुरवठा : घरगुती, ५० हर्ट्झ, १७० ते २७० व्होल्ट या मर्यादेत योग्य कार्य व्हावे.
५. परिसर : ४५ अंश तापमानात पूर्ण क्षमता, धूळ आणि ओलावा यांपासून संरक्षण.
६. संरक्षण : टोके उलटी जोडल्यास, टोके एकमेकांना चिकटल्यास, चार्जर अतिशय तापल्यास आपोआप बंद व्हावा.
७. जोडणी : रिक्षातील जोडणीला बसणारा प्लग, वायरीची लांबी नमूद करावी.
८. हमीचा कालावधी, दुरुस्तीची सोय आणि वाचता येईल अशा भाषेतील सूचनापत्रक.

या लेखनाकडे भाषेच्या दृष्टीनेही पाहा. त्यात ‘चांगला’, ‘दणकट’, ‘भारी’ असे एकही विशेषण नाही. प्रत्येक वाक्य पडताळून पाहता येते. दुकानदाराने ‘चालतो हो, सगळे हाच नेतात’ असे म्हटले, तर आपण कागदावर बोट ठेवून विचारू शकतो, की ‘यातील दुसरी आणि चौथी अट हा पूर्ण करतो का?’ नेमकी भाषा ही ग्राहकाच्या हातातील ताकद असते.

बॅटरी कितीही जपली, तरी एक दिवस तिचे आयुष्य संपते. तिच्यातील शिसे विषारी असते. उघड्यावर बॅटरी फोडून शिसे वितळवल्यास त्याचा धूर आणि धूळ माती-पाण्यात मिसळते आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून जुनी बॅटरी भंगारात न देता विक्रेत्याकडे परत करावी. योग्य चार्जरमुळे बॅटरी वर्षभर अधिक टिकली, तर चालकाचे पैसे वाचतातच. शिवाय तेवढे शिसे वर्षभर उशिरा भट्टीत जाते.

रात्री बटण दाबून झोपणाऱ्या त्या चालकाला रसायनशास्त्र ठाऊक असायलाच हवे असे नाही. परंतु रसायन, घट, क्षमता, वेळ, तापमान आणि वीजपुरवठा या सहा गोष्टी विचारण्याची सवय त्याला असेल, तर सकाळी रिक्षा निघेल याची काळजी त्याला करावी लागणार नाही.

आपण काय शिकलात?

• चार्जरची निवड बॅटरीच्या रसायनावर, घटांच्या संख्येवर आणि क्षमतेवर अवलंबून असते. तिच्या नावावर नाही.
• शिसे-आम्ल बॅटरी तीन टप्प्यांत भरते. लिथियम बॅटरी भरल्यावर प्रवाह थांबवावा लागतो.
• प्रवाह ठरवताना उपलब्ध वेळ, बॅटरीची सहनशक्ती आणि चालू उपकरणे यांचा एकत्र विचार करावा.
• तापमान वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचा प्रभारण दाब कमी करावा लागतो.
• विनिर्देश नेमका, आकड्यांत आणि पडताळता येईल असा असावा.

पाठान्त प्रश्न

१. ‘४८ व्होल्टचा चार्जर द्या’ ही मागणी अपुरी का आहे, ते उदाहरणासह स्पष्ट करा.
२. अतिशय लहान आणि अतिशय मोठा चार्जर यांमुळे शिसे-आम्ल बॅटरीची कोणती हानी होते?
३. आरोग्य केंद्राच्या उदाहरणात २५ अँपिअरचा चार्जर का निवडला? निवडीची उलट तपासणी कशी केली?
४. ‘नेमकी भाषा ही ग्राहकाच्या हातातील ताकद असते’ या विधानाबद्दल तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.
५. कृती : तुमच्या घरी किंवा परिसरात असलेली एखादी बॅटरी पाहा. तिच्यावरील माहिती वाचा आणि तिच्यासाठी चार्जरचा विनिर्देश लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १२ घट. (आ) बॅटरीत प्रवाह शिरण्यासाठी चार्जरचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा अधिक असावा लागतो, म्हणून.
२. (अ) ७२ अँपिअर-तास. (आ) ६ तास.